जिनिंगच्या शेडमध्ये भाड्याची सिझर लिफ्ट : चार दिवसांचा वापर आणि आमचे मत

वर्धा जिल्ह्यात हिंगणघाटच्या बाजूला असलेल्या एका जिनिंग-प्रेसिंग कारखान्यात मी देखभालीचे काम पाहतो. कापसाचा हंगाम दसऱ्याच्या आसपास सुरू होतो आणि होळीनंतर ओसरतो. त्या पाच-सहा महिन्यांत रेच्यांतून, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रांतून, उडणारी बारीक रुई छत पेलणाऱ्या लोखंडी कैच्यांवर, केबलच्या ट्रेवर आणि दिव्यांच्या टोपांवर इतकी साचते की खालून पाहिले तर छताला पांढरी लव आल्यासारखी वाटते. ही रुई म्हणजे एका ठिणगीची वाट पाहणारे जळण असते, म्हणून दरवर्षी एप्रिलमध्ये ती खाली उतरवावी लागते. यापूर्वी आम्ही हे काम निसणी आणि बांबूच्या परांचीवरून करीत होतो. परांची बांधायला अर्धा दिवस, सोडायला दोन तास, आणि तिच्यावरून हाताशी येणारी कैची एकच. यंदा प्रथमच आम्ही नागपूरकडून विजेवर चालणारी सिझर लिफ्ट, म्हणजे कैचीसारख्या एकमेकांना छेदणाऱ्या लोखंडी पायांवर फलाट सरळ वर नेणारे यंत्र, चार दिवसांसाठी भाड्याने आणली. पुढे काही तक्रारीही येणार असल्यामुळे पुरवठादाराचे आणि यंत्राच्या कंपनीचे नाव लिहीत नाही. ज्यांच्याकडे असेच शेड, गोदाम किंवा मंगल कार्यालय आहे त्यांना उपयोग व्हावा, म्हणून हा अनुभव सविस्तर देत आहे.

यंत्र २६ फुटी वर्गातले होते. म्हणजे उभे राहण्याचा फलाट सुमारे ७.९ मीटरपर्यंत वर जातो आणि माणसाची उंची धरून सुमारे ९.९ मीटरवर हात पोचतो. जाहिरातीत बहुधा हा दुसरा आकडा छापलेला असतो, तेव्हा मागणी नोंदवताना फलाटाची उंची कोणती आणि कामाची उंची कोणती, हे विचारून घ्यावे. रुंदी पाऊण मीटरहून थोडी अधिक असल्यामुळे रेच्यांच्या रांगेलगतच्या वाटेत ते नीट बसले. वजन मात्र जवळपास दोन टन. आमच्याकडे छताच्या त्रिकोणी चौकटीलाही कैचीच म्हणतात, त्यामुळे पहिल्या तासाभरात ‘कैची खाली घे’ आणि ‘कैची साफ कर’ यांत एवढा घोळ झाला की शेवटी यंत्राला फक्त ‘लिफ्ट’ म्हणायचे असा नियमच करावा लागला. वरचा आणि खालचा माणूस एकमेकांना सूचना देत असताना एकाच शब्दाचे दोन अर्थ असणे ही गंमत राहत नाही.

या भाड्यात मला सर्वांत मोलाचा वाटला तो यंत्रासोबत आलेला प्रशिक्षक. त्याने आमच्या वायरमनला आणि दोन फिटरना सुमारे दोन तास दिले. त्यातला पहिला पाऊण तास कोणालाही फलाटावर चढू दिले नाही. आधी यंत्राभोवती फेरी: तेलाची गळती, चाकांचे नट, कठड्याच्या पिना, दाराची आडपट्टी, बॅटरीच्या वायरी. मग खालच्या नियंत्रणावरून फलाट थोडा वर, थोडा खाली. खालचे लाल बटण दाबून सर्व थांबते का ते पाहिले. त्यानंतरच चावी ‘वरच्या नियंत्रणा’कडे फिरवली आणि शिडीकडे तोंड करून, दोन हात आणि एक पाय किंवा दोन पाय आणि एक हात सतत टेकलेला ठेवून, एकेकाला वर घेतले.

वरच्या नियंत्रणाची पेटी म्हणजे कठड्याला अडकवलेला, जाड वहीएवढा डबा. तिच्यावर एक जॉयस्टिक, तिच्या मुठीच्या पुढच्या बाजूला बोटाने दाबायचा खटका, माथ्यावर अंगठ्याने डावी-उजवीकडे वळण्याची कळ, ‘चालवणे’ आणि ‘उचलणे’ यांतून एक निवडण्याचे बटण, वेग कमी करण्याचे कासवाचे चिन्ह असलेले बटण, हॉर्न, बॅटरीची पातळी दाखवणारे दिवे आणि मोठे लाल आपत्कालीन बटण असते. एवढ्यावर सगळे यंत्र चालते. आमच्या वायरमनने जॉयस्टिक पुढे ढकलली, काहीच झाले नाही, आणि तो म्हणाला, “हे त बिघडलेलंच आणलं वाट्टे.” प्रशिक्षकाने शांतपणे सांगितले की खटका न दाबता यंत्र हलले असते तर ते बिघडलेले ठरले असते. ही तपासणी मला फार आवडली. कोपर लागून, पिशवी पडून किंवा तोल जाऊन जॉयस्टिक ढकलली गेली तर यंत्र जागचे हलू नये, यासाठीच तो खटका आहे. रोज सकाळी तो काम करतो याची खात्री करायची ती यंत्र ‘न चालण्या’वरून. काही ठिकाणी हा खटका चिकटपट्टीने किंवा तारेने बांधून ठेवण्याची सवय असते म्हणे. बोट दुखते हे खरे आहे, आमच्याही माणसांचे दुखले, पण तो बांधला की पेटीतली सर्वांत महत्त्वाची राखण गेली असे समजावे.

लाल बटणाविषयीही आमच्या माणसांचा एक गैरसमज दूर झाला. ते रोजचे थांबण्याचे बटण नव्हे. थांबण्यासाठी जॉयस्टिक मध्यावर सोडायची, ब्रेक आपोआप लागतात. लाल बटण दाबले की सर्व हालचाली जागच्या जागी तुटतात, उंचावर असताना फलाटाला धक्का बसतो, आणि ते फिरवून वर काढल्याशिवाय पुन्हा काही चालत नाही. मात्र एका जागी उभे राहून दहा-पंधरा मिनिटे झाडू मारायचा असेल तेव्हा ते दाबून ठेवणे शहाणपणाचे आहे, आणि आम्ही तसे केले.

दुसऱ्या दिवशी आमचीच चूक झाली. पेटी कठड्यावरून काढता येते. एका फिटरने रुईचे पोते ठेवायला जागा व्हावी म्हणून ती उचलून फलाटाच्या दुसऱ्या टोकाला, उलट तोंडाने अडकवली. जॉयस्टिकची ‘पुढची’ दिशा यंत्राच्या वळणाऱ्या चाकांकडची असते, तुमचे तोंड कुठे आहे याच्याशी तिला देणेघेणे नसते. त्यामुळे त्याने पुढे म्हणून ढकलले आणि लिफ्ट मागे, रेच्याच्या खांबाकडे निघाली. नुकसान झाले नाही, कारण फलाट वर असताना यंत्र ताशी ०.८ किलोमीटरपेक्षा जास्त वेगाने चालतच नाही. हा वेग सेकंदाला जेमतेम एक वीत पडतो, आणि तेवढ्यात खालच्या माणसाची हाक ऐकून त्याने हात सोडला. फलाट पूर्ण खाली असताना हेच यंत्र चालत्या माणसाच्या वेगाने जाते. तेव्हा ही चूक झाली असती तर मी हा मजकूर इतक्या निवांतपणे लिहीत नसतो. पेटीवर आणि यंत्राच्या अंगावर दिशादर्शक रंगीत बाण असतात, ते जुळवून मगच जॉयस्टिकला हात लावायचा. आमच्या यंत्राच्या अंगावरचे बाण घासून निम्मे पुसट झाले होते, ही पुरवठादाराबद्दलची पहिली तक्रार. आम्ही शेवटी गठाणींवर खुणा करायच्या रंगाने ते पुन्हा काढून घेतले.

कल ओळखण्याची सोय या यंत्रात चांगली आहे, आणि ती का हवी हे त्या दिवशीच पटले. आमच्या यंत्राच्या पाटीवर आडव्या दिशेने दीड अंश आणि लांबीच्या दिशेने तीन अंश अशी मर्यादा होती. दीड अंश ऐकायला क्षुल्लक वाटते. पण दोन बाजूंच्या चाकांत पाऊण मीटर अंतर धरले तर दीड अंश म्हणजे एका बाजूला दोन सेंटीमीटरची उंची, आणि तेवढ्यानेच आठ मीटरवरचा फलाट वीतभर बाजूला झुकतो. प्रशिक्षकाने एका बाजूच्या दोन्ही चाकांखाली लाकडी फळ्या ठेवून फलाट उचलायला लावला. थोडे वर जाताच भोंगा वाजला आणि उचलणे बंद पडले. असा भोंगा प्रत्यक्ष कामात वाजला तर पुढे-मागे सरकून ‘सपाट जागा शोधू’ असे न करता फलाट आधी खाली आणायचा आणि मगच यंत्र हलवायचे.

जमिनीचा मुद्दा जिनिंगवाल्यांनी विशेष लक्षात घ्यावा. आमच्या फरशीखालून कापूस ओढून नेणाऱ्या नळ्या आणि सरकीचे पट्टे जातात आणि त्यांच्यावर लोखंडी झाकणे आहेत. माणूस त्यांच्यावरून बिनधास्त चालतो, बैलगाडीही कधी गेली असेल, पण माणसे धरून सव्वादोन टन वजन चार लहान टणक चाकांवर घेणाऱ्या यंत्राचा भार एकेका चाकावर सारखा वाटला जात नाही. फलाटाचा सरकता भाग बाहेर काढला किंवा माणसे एका कडेला उभी राहिली की एका चाकावर चौथाईपेक्षा पुष्कळ अधिक येतो. फलाट वर जाऊ लागला की यंत्राच्या दोन्ही कडांना पोटाखाली लोखंडी पट्ट्या आपोआप उतरतात आणि जमिनीपासून दोनेक सेंटीमीटरवर थांबतात, म्हणजे चाक खड्ड्यात गेले तरी यंत्र त्या पट्टीवर टेकावे. पण त्या खाली पडलेल्या नटावर किंवा फळीच्या तुकड्यावर अडकल्या तर यंत्र वर जाण्यास नकार देते, आणि पोकळ झाकणच तुटले तर त्या पट्ट्यांवर किती विसंबावे, हा प्रश्न आहेच. आम्ही आदल्या संध्याकाळी सर्व झाकणांवर खडूने फुल्या मारल्या आणि यंत्राची वाट त्यांना टाळून आखली. याच कारणाने रेच्यांच्या रांगेच्या बरोबर वरचा मधला पट्टा लिफ्टने करता आला नाही. फलाटाचा सरकता भाग पुढे काढला तरी तो एक मीटरसुद्धा पुढे जात नाही, आणि त्या भागावर एकाच माणसाचे वजन चालते. तो पट्टा शेवटी जुन्या परांचीवरूनच झाला. भाड्याचा हिशेब करताना हे आधी मोजून घ्यायला हवे होते.

वजनाची मर्यादा माणसे, हत्यारे आणि माल धरून २३० किलोच्या आसपास होती. दोन माणसे, दोन झाडू, एक ब्लोअर आणि रुईची दोन पोती यांत सहज बसतात, तिसरा माणूस ‘नुसता पाहायला’ चढला की बसत नाहीत, आणि यंत्र तसे ओरडून सांगते. यंत्र न सांगणारी दुसरी मर्यादा म्हणजे बाजूला लावायच्या जोराची. शेडच्या आत दोन माणसांनी मिळून ४०० न्यूटन, म्हणजे साधारण चाळीस किलोच्या ओढीपेक्षा अधिक जोर फलाटावरून बाहेरच्या वस्तूवर लावायचा नाही. गंजलेला बोल्ट पान्याने हिसडून सोडवायची आपल्या फिटरची पद्धत इथे चालत नाही. तेल सोडून, थांबून, पुन्हा यावे लागते.

एवढ्या सगळ्या राखणीनंतरही एक गोष्ट हे यंत्र ओळखत नाही, आणि जिनिंगच्या शेडमध्ये धोका नेमका तिथेच आहे. डोक्यावर काय आहे ते त्याला कळत नाही. कल, वजन, खड्डा यांवर ते बोलते, पण फलाट आठ मीटरपर्यंत जाऊ शकतो आणि आमच्या कैचीची खालची आडवी पट्टी त्याहून खाली आहे. जॉयस्टिकवर वाकून खाली चाकांकडे पाहणारा माणूस वर जात राहिला तर त्याची मान कठडा आणि कैची यांच्यात सापडते, आणि त्याच वेळी त्याचे अंग जॉयस्टिकवर दाबले गेले तर हात सोडण्याची सोयही उरत नाही. प्रशिक्षकाने ही गोष्ट सर्वांत गंभीरपणे सांगितली आणि मीही इथे तीच अधिक ठळकपणे लिहितो. आम्ही यासाठी एक साधा पायंडा पाडला. वर जाताना दुसऱ्या माणसाने फक्त छताकडे पाहायचे, बोलायचे, आणि कैचीपासून हातभर अंतर उरले की “बस्स” म्हणायचे. तिथून पुढे कासवाच्या वेगाने. कठड्यावर उभे राहणे, फलाटात स्टूल किंवा निसणी ठेवणे, फलाटातून कैचीवर उतरणे, हे तीनही पूर्ण बंद. अंगावरच्या सुरक्षा पट्ट्याची दोरी आखूड ठेवून फलाटातील ठरलेल्या कड्यालाच अडकवली. आमचा एक जुना फिटर सवयीने ती कैचीला अडकवू पाहत होता. फलाट खाली गेला असता तर तो वरच लटकला असता.

खाली कायम एक जाणता माणूस हवा. वरचा माणूस उन्हाने घेरी येऊन बसला किंवा पेटी बंद पडली तर खालून चावी फिरवून फलाट उतरवता येतो, आणि यंत्राची वीजच गेली तर त्याच्या तळाशी असलेली आपत्कालीन घुंडी ओढून हळूहळू उतरवता येतो. घुंडीला हात लावण्याआधी फलाटाखाली आणि लिफ्टच्या पायांत कोणी नाही ना, हे पाहणेही तितकेच आवश्यक आहे. आता दुसरी आणि मोठी तक्रार. ही घुंडी प्रशिक्षकाने आपणहून दाखवली नाही, मी विचारल्यावर दाखवली, आणि तिच्यावरचा स्टिकर उडालेला होता. यंत्रासोबतची पुस्तिका इंग्रजीत होती. मराठीत एका पानाचे कार्ड करून पेटीजवळ लटकवायला पुरवठादाराला फारसा खर्च येणार नाही. आम्ही ते स्वतः वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून लावले आणि यंत्र परत करताना तसेच राहू दिले.

प्रशिक्षकाकडे आयपाफ या आंतरराष्ट्रीय संस्थेचे पाल कार्ड, म्हणजे अशी यंत्रे चालवण्याचे प्रशिक्षण घेतल्याचा दाखला, होते, ज्याची वैधता पाच वर्षांची असते. आमच्या माणसांना मिळाला तो पुरवठादाराचा सहीचा कागद. दोन तासांची ही ओळख कितीही चांगली असली तरी तिला पूर्ण प्रशिक्षण म्हणता येणार नाही. चौथ्या दिवशी आमची माणसे सराईत वाटू लागली, आणि मला तोच दिवस जास्त काळजीचा वाटला.

शेडच्या बाहेर, मुरुमाच्या अंगणात दिव्याचा खांब आहे. ‘आलीच आहे लिफ्ट तर तेवढाही दिवा बदलून घ्या’ असा आग्रह झाला आणि मी तो नाकारला. हे यंत्र पक्क्या सपाट फरशीसाठी आहे. मुरूम आणि त्याच्या कडेची भेगाळलेली काळी जमीन हा त्याचा प्रांत नव्हे, त्यासाठी मोठ्या चाकांची डिझेलची लिफ्ट वेगळी मिळते. अंगणावरून ११ केव्हीची, म्हणजे अकरा हजार व्होल्टची, तारही जाते. लिफ्टला विजेपासून कोणतेही आवरण नसते, आणि अशा तारेपासून फलाट, माणूस आणि हातातला पाइप यांपैकी काहीही तीन मीटरच्या आत जाता कामा नये. शिवाय वारा. पाटीवर बाहेरच्या वापरासाठी ताशी ४५ किलोमीटर वाऱ्याची मर्यादा आणि एकाच माणसाची परवानगी होती. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत दुपारी चारला येणारे वावधन विचारून येत नाही, आणि हातात दहा फुटी टिनाचा पत्रा असेल तर तो शीड होतो. २०१० च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतील नोत्र दाम विद्यापीठाच्या मैदानावर फुटबॉलचा सराव चित्रित करणारा विद्यार्थी अशाच उंच नेलेल्या लिफ्टवर होता. वाऱ्याचे झोत ताशी ८० किलोमीटरच्या वर होते, लिफ्ट उलटली आणि तो दगावला. पत्रे बदलण्याचे काम आम्ही त्यामुळे लिफ्टवर घेतलेच नाही.

बॅटरीविषयी थोडे. चार बॅटऱ्या मिळून २४ व्होल्ट होतात, चार्जर यंत्रातच असतो आणि साध्या प्लगवर रात्रभरात भरतो. चार्ज होताना हायड्रोजन वायू सुटतो, म्हणून आम्ही लिफ्ट रुईच्या शेडमध्ये चार्जिंगला न लावता वजनकाट्याजवळच्या मोकळ्या पडवीत लावली. पहिल्या रात्री वीज गेली आणि सकाळी दिवे निम्मेच लागले, तेव्हा दहापर्यंतच काम झाले. तसेही पत्र्याखाली साडेदहानंतर वर थांबवत नाही. आम्ही पहाटे साडेपाचला सुरू करून साडेदहाला उतरत होतो.

भाड्यापेक्षा ट्रकचा येण्या-जाण्याचा खर्च जड गेला. जवळच्या दोन-तीन जिनिंगवाल्यांनी तारखा जुळवून एकत्र मागवली तर तो वाटला जाईल. तरीही परांचीवर जे काम बारा-तेरा दिवस चालत असे ते मधला पट्टा वगळून चार सकाळींत झाले, आणि कोणाला खरचटलेही नाही. पाचपैकी चार गुण देतो. उरलेला एक पुसट बाण, उडालेला स्टिकर आणि इंग्रजी पुस्तिका यांनी मिळून घालवला. पुढच्या हंगामाअखेरीस हीच लिफ्ट पुन्हा मागवणार आहोत. मागणीपत्रात प्रशिक्षकाचा एक पूर्ण दिवस, नवे बाण आणि घुंडीवर मराठी स्टिकर, हे तिन्ही आधीच लिहून ठेवले आहे.